बारा खटक्यांची घुंडी

मंगळवार, ११ मार्च

"हाताने गाड्या बांधणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! रस्त्यावर कुठेही कोणी पडलं की पहिलं बोट आपल्याकडे वळतं. खड्डा कोणी ठेवला? दिवे कोणी बंद ठेवले? झिजलेला टायर कोणी विकला? कोणी विचारत नाही. गाडी कारखान्यातली नाही ना — मग झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

शनिवारच्या सभेची सुरुवात अशीच करायची. 'फाशी' म्हटल्यावर थांबायचं. पहिल्या रांगेकडे बघायचं. घाई केली की वाक्य वाया जातं.

मग नव्या नियमावर यायचं. म्हणे आमची प्रत्येक गाडी दोन दिवसांच्या अंतरावरच्या मैदानात न्यायची, एकशेतीसने पळवून दाखवायची, मग दाखला. का? आमची चाचणी आम्ही करत नाही? कारखान्याची मोटरसायकल घेतो, हँडलखालची चेसिसची मान कापतो, पुढचं चाक हातभर पुढे नेतो, मेव्हणा मानेला वेल्डिंगचा टाका घालतो. मग मी कालव्याकाठच्या रस्त्यावर ती साठच्या वेगाने नेतो आणि गिऱ्हाइकादेखत दोन्ही हात सोडून तीन टाळ्या वाजवतो. हँडल फडफडलं नाही तर गाडी पास. नऊ वर्षं झाली. पंधरा गाड्या. एक पडली नाही.

पहिली पडली होती — आमच्या मोजणीच्या आधीची. तिच्यावर मी होतो. पासष्टला हँडल असं फडफडलं की हातात पिसाळलेलं जनावर. डावं कोपर अजून सरळ होत नाही. त्या दिवसापासून हँडलला डॅम्पर लावल्याशिवाय एक गाडी बाहेर सोडलेली नाही. बोटभर जाडीची तेलाची नळी, वर घुंडी, घुंडीला बारा खटके. जेवढे खटके आवळाल तेवढं हँडल जड. आम्ही पाचवर देतो.

मधेच फोटोग्राफरचा फोन, नोव्हेंबरमध्ये ज्याला गाडी बांधून दिली तो. शंभरच्या वर गेलं की गाडी मागून डुलते म्हणाला, लाटेवरच्या होडीसारखी. घुंडी दोन खटके आवळ म्हटलं. पुन्हा डुलली तर अजून दोन. तो बरं म्हणाला. टायरच्या वाक्याआधी काहीतरी झकास सुचलं होतं, त्या फोनात गेलं ते गेलंच!

बुधवार, १२ मार्च

ते वाक्य आठवलं नाही. चिडचिड.

शनिवार, १५ मार्च

सभा झाली. हॉल भरून माणसं भिंतींना टेकून उभी. माइक मधेच शीळ घालत होता, त्याच्यावरही एक विनोद करून टाकला. पन्नास मिनिटं बोललो. पाणी प्यायलो नाही.

शेवटी खिशातून डॅम्पर काढला आणि वर धरला. ही बारा खटक्यांची घुंडी बघा. लाखोंची यंत्रं नाहीत आपल्याकडे, मैदानं नाहीत, पण हे आहे! शंका आली — आवळा! भीती वाटली — आवळा! तिसऱ्यांदा मला काही म्हणावं लागलं नाही. अख्खा हॉल म्हणाला. बोलण्याची विद्या असते ती एवढ्यासाठीच. माणसं आपल्या तोंडाने आपलं वाक्य म्हणतात आणि ते त्यांचं होऊन जातं.

फोटोग्राफर मागच्या भिंतीशी होता, गळ्यात कॅमेरा. मी उतरलो तर त्याने गर्दीतून हात वर करून नऊ बोटं दाखवली. हसला. काहीतरी ओरडलाही, पण मधे माणसं आली. दहापैकी नऊ मार्क! एक कशाचा कापला ते विचारायला हवं.

घरी येताना मेव्हणा शेजारी होता. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार वेल्डिंग मशीनशी. म्हणाला, "दाजी, आवळा आवळा ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या धंद्यात जास्त आवळलेलंच तुटतं." मी म्हटलं, तू भाषणं करायला लागलास तर मी टाके घालायला लागेन, आणि मग देवच गिऱ्हाइकांचा वाली. तो हसला. खूप दिवसांनी.

मंगळवार, १८ मार्च

फोटोग्राफर गेला.

सकाळी नऊच्या सुमारास. मोठ्या रस्त्यावर. सरळ रस्ता, कोरडा, आसपास एकही वाहन नाही. मागच्या कॅरियरवर दोन पेट्या — कॅमेरे, दिवे, स्टँड. पुलाच्या कामाचे फोटो काढायला निघाला होता.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं ते पाच तोंडांतून माझ्यापर्यंत आलं. गाडी आधी हळूच डुलली. मग जास्त. मग आणखी जास्त. कोणी मागून शेपूट धरून हलवतंय असं वाटत होतं. चार-पाच हेलकावे, आणि आडवी.

वारा असणार. त्या रस्त्यावर वारा असतो.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. काय म्हणाला नीट आठवत नाही. हॉलमधली बोटं तेवढी डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बुधवार, १९ मार्च

त्याच्या घरी गेलो. दारात त्याचे बूट, एक उभा, एक कलंडलेला. कोणी सरळ केला नव्हता. मीही केला नाही.

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी तिला द्यायला हवं होतं खरं तर. ती म्हणाली, "तुमच्यावर फार भरवसा होता त्यांचा. वक्ते म्हणाले म्हणजे झालं, असं म्हणायचे." तिच्या बोलण्यात काही टोचायचं नव्हतं. म्हणून जास्त टोचलं.

वीस मिनिटं बसलो. चौकांत, गेटांवर, पावसात उभं राहून बोललेला मी — एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

अपघातांची चौकशी करणारे निरीक्षक वर्कशॉपमध्ये आले. बारीक माणूस, हळू आवाज. कशाला हात लावायच्या आधी हात रुमालाला पुसतो. असा माणूस मला सभेत समोर असला की आवडत नाही. टाळी वाजवत नाही, उठूनही जात नाही.

मला आणि मेव्हण्याला त्यांच्या आवारात घेऊन गेले. ताडपत्री उचलली.

गाडीकडे बघितलं नाही आधी. मेव्हण्याकडे बघितलं. तो पेट्यांकडे बघत होता. एक पेटी उघडलेली, आत काचेचा चुरा.

मानेचा टाका पाऊण भागात फुटलेला. डॅम्पर वाकून हँडलखाली चिरडलेला, घुंडीचा पत्ता नाही. निरीक्षकांचं बोट टाक्यावरच फिरत राहिलं. हे कोणी घातलं? मेव्हणा म्हणाला, मी. एवढंच.

टाकीवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता. त्यावर फोटोग्राफरच्या अक्षरात आकडे — पाच, सात, नऊ, तिन्ही खोडलेले. शेवटी अकरा, न खोडलेला. हे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कॅमेऱ्याचं असेल काही, ही मंडळी मिळेल तिथे आकडे लिहितात. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

सोमवार, २४ मार्च

त्यांच्या कचेरीच्या गेटवर उभं राहून बोललो. शंभरेक लोक जमले. हातात फक्त एक फळी आणि तिच्यावर एक वाक्य — टाका फुटला तो पडल्यामुळे, पडणं फुटल्यामुळे नाही!

वाक्य चांगलं आहे. खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. बोलताना वाटलं की आहे. मला बोलताना नेहमीच वाटतं.

मेव्हणा आला नव्हता. म्हणाला, माझ्या टाक्यासाठी घोषणा द्यायला मला लाज वाटते.

बुधवार, २६ मार्च

निरीक्षकांनी एकट्याला बोलावलं. टेबल स्वच्छ, फाइल एकच. मोठा केलेला फोटो पुढे सरकवला. फुटलेल्या टाक्याचा आतला भाग. चकचकीत राखाडी, आणि त्यात एका जागी तिळाएवढा काळा ठिपका.

"टाका घालताना आत हवा राहिली. फुटायला इथून सुरुवात झाली असावी." मग म्हणाले, "तुम्ही फार छान बोलता. गेटवरचं मी खिडकीतून ऐकलं. आता हा ठिपका काय म्हणतो, तेही ऐका."

ऐकलं. आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा खटला उभा राहिला. नोव्हेंबरमधला टाका. त्याच महिन्यात मेव्हण्याचे डोळे दुखत होते. काळा चष्मा जुना, चरे पडलेला. बदल म्हटलं होतं मी. की नव्हतं म्हटलं? मनात तरी म्हटलं होतं.

गुरुवार, २७ मार्च

आज जे केलं ते लिहून ठेवतोय.

वर्कशॉपमध्ये मेव्हण्याला समोर बसवलं. तो स्टुलावर, मी उभा. पाऊण तास बोललो. सभेतल्यासारखं — आधी मऊ, मग प्रश्न, मग प्रश्नाचं उत्तर मीच. कारागिराची जबाबदारी म्हणजे काय, एका तिळाने एक घर कसं मोडतं, डोळे दुखत असताना टाका घालणं हा कसा अपराध. दाखले दिले. इतिहासातले दोन, पुलांचे तीन. एका माणसाला ऐकवण्यासाठी मी माझी सगळी शक्ती लावली.

तो वर्कबेंचवरची धूळ बोटाने एका रेषेत गोळा करत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "दाजी, तो टाका घातला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. चांगला आलाय म्हणालात." मी म्हटलं, मी वरून बघितलं, आत तू होतास.

त्याने ती धुळीची रेषा तळहाताने पुसली. मग म्हणाला, "असेल. माझीच चूक असेल."

मी जिंकलो!

शुक्रवार, २८ मार्च

तो कामावर आला नाही.

रविवार, ३० मार्च

मेव्हणा सकाळी बहिणीला भेटून गेला. माझ्याशी वाकडं काही नाही, नेहमीसारखा "येतो दाजी" म्हणाला. तो गेल्यावर हिने सांगितलं. निरीक्षकांना त्याने कळवलंय — टाका सदोष होता, मला माहीत होतं, असा जबाब देतो. सोमवारी, सात तारखेला, अकरा वाजता सही करायची. त्यानंतर खटला. शिक्षा झाली तर किती वर्षं, कोणाला ठाऊक. निदान हातात पुन्हा वेल्डिंगचा होल्डर येणार नाही हे नक्की.

मी म्हटलं, पण 'मला माहीत होतं' कशाला? त्याला माहीत नव्हतं!

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी विचारलं त्याला. म्हणाला, दाजींनी सगळं समजावून सांगितलं, त्यांचं वाचन आहे, ते म्हणतात म्हणजे असेल."

वक्ते म्हणाले म्हणजे झालं. दाजी म्हणतात म्हणजे असेल.

मी काही समर्थन करायला लागलो. हिने हातातली जुडी खाली ठेवली. "उचलली जीभ लावली टाळ्याला. बाहेर काय ते बोला. इथे तुमचा विरोधी पक्ष नाही बसलेला, माझा भाऊ आहे. लहानपणी दुसऱ्याने फोडलेल्या कपाचा मार याने खाल्लाय. तुम्ही म्हणालात ना तू फोडलास, की हा फोडलेला कप शोधत बसेल."

तीस वर्षं संसार झाला. माझ्याविरुद्ध इतकं नेमकं भाषण आजवर कोणी केलेलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

टाक्याचा फोटो डोळ्यांपुढून हलत नाही. तीळ सोडून बाकीचा भाग. तो चकचकीत होता. का?

बुधवार, २ एप्रिल

मास्तरांकडे गेलो. यंत्रशास्त्र शिकवायचे आम्हा दोघांना, मला आणि मेव्हण्याला. मेव्हणा पहिल्या बाकावर, मी खिडकीत. आता ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत.

सगळं सांगितलं. फोटोबद्दल विचारलं. म्हणाले, तीळभर हवा शंभरातल्या नव्वद टाक्यांत सापडते. आधीपासून चीर असती तर ती जागा काळवंडली असती, गंज, तेल, धूळ. बाकी सगळं चकचकीत म्हणजे ते एका दणक्यात फुटलंय. पडल्यावर.

माझं गेटवरचं वाक्य खरं निघालं! उठून नाचावंसं वाटलं. तेवढ्यात म्हणाले, "मग पडला का, ते सांग."

ट्रकवाल्याने पाहिलेलं सांगितलं. वारा म्हटलं. मास्तरांनी हात झटकला. बाजारातली ढकलगाडी पाहिलीस का, तिचं पुढचं चाक फडफडतं? ते वेगळं. आणि मोटारीला मागे जोडलेली ट्रॉली डुलते? ते वेगळं. पहिलं तुझं कोपर मोडलं ते. फक्त हँडल, फार जलद, साठ-सत्तरला. दुसऱ्यात अख्खी गाडी डुलते, सावकाश, आणि शंभरच्या पुढे. मागे वजन लटकवलं की लवकर येतं. पुढचं चाक हातभर लांब नेलं की आणखी लवकर.

"पण डॅम्पर होता ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुन्हा खिडकीत बसलोय असं वाटलं. "डॅम्पर फडफड मारतो. डुलणारी गाडी सावरायची तर हँडलला आपोआप थोडं इकडे, थोडं तिकडे वळू द्यावं लागतं. गाडी स्वतःच स्वतःला सावरते. तू नेमके तिचेच हात बांधतोस. ताप वेगळा, कावीळ वेगळी — आणि तू दोघांना एकच गोळी देत आलास."

मी टाळ्यांच्या चाचणीचं सांगितलं. नऊ वर्षं, पंधरा गाड्या.

"साठला टाळ्या वाजवतोस. हे येतं एकशेदहाला. परीक्षा पहिलीची घेतोस आणि दाखला दहावीचा देतोस."

निघताना मेव्हण्याची चौकशी केली त्यांनी. त्याचे टाके मी तपासायचे सोडून दिले होते म्हणाले, वेळ फुकट जायचा.

शनिवार, ५ एप्रिल

जुनी धावपट्टी. विमानं येणं बंद होऊन वीस वर्षं झाली, भेगांतून गवत. सकाळी साडेसहा, वारा अजिबात नाही. कागदाचा कपटा टाकून बघितला, सरळ खाली पडला.

माझी काळी गाडी घेतली. फोटोग्राफरच्या गाडीची सख्खी बहीण — एकाच साच्यावर, एकाच आठवड्यात कापलेली. मी हिच्यावर नव्वदच्या वर कधी गेलो नाही, मागे पेट्या कधी लावल्या नाहीत. म्हणून मला कधी काही कळलं नाही.

मेव्हणा आला. बहिणीने पाठवलं म्हणून. पेट्यांत वाळूच्या पिशव्या त्यानेच मोजून भरल्या, प्रत्येकी बारा किलो. मी चालवतो म्हणाला. नाही म्हटलं. या वेळी नाही. वाद घातला नाही त्याने, माझ्या कोपराला पट्टा बांधला, घट्ट.

घुंडी पाचवर. नव्वद, काही नाही. शंभर, काही नाही. एकशेदहाला मांडीने टाकीला हलकासा धक्का दिला — आणि गाडी मागून डुलली. होडीसारखी. चार-पाच हेलकावे, हळूहळू विरले.

सातवर. हेलकावे सुरू झाले ते विरेनात. वाढेनात, पण विरेनातही.

नऊवर. एकशेपाचलाच. दुसरा हेलकावा पहिल्याहून मोठा, तिसरा दुसऱ्याहून. हात आपोआप घट्ट झाले. सगळं शरीर ओरडतं की धर, आवळ! मास्तरांनी सांगितलं होतं — हात सैल, छाती टाकीवर, गॅस हळूच सोड. केलं. कसं केलं माहीत नाही. ऐंशीला आल्यावर ती गुपचूप सरळ झाली, काही झालंच नाही अशी.

उतरलो. अकरावर लावून बघायची गरज नव्हती.

मग दोनवर. एकशेदहा, तोच धक्का. दोन हेलकावे, शांत. पेट्या काढून पुन्हा. जेमतेम एक, शांत.

औषध मीच आणलं होतं, नऊ वर्षं मीच वाटत होतो.

मेव्हणा प्रत्येक फेरीचा आकडा खडूने काँक्रीटवर लिहीत होता, फेरी झाली की खोडत होता. मी परत येऊन उभा राहिलो तर पायाशी ती आकड्यांची ओळ. पाच खोडलेला. सात खोडलेला. नऊ खोडलेला.

दोघांनी एकदमच पाहिलं. टाकीवरची चिकटपट्टी! कॅमेरा नव्हताच. खटके होते ते. प्रत्येक वेळी डुलली, त्याने आवळलं. हॉलमध्ये मला दाखवलेली नऊ बोटंही तीच. मार्क नव्हते, तो मला सांगत होता की नऊवर आलोय.

मेव्हणा त्या आकड्यांशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "दोन-दोनच का, दाजी? हौशी माणूस एकदम शेवटपर्यंत आवळतो. नाहीतर एक-एक करतो. हा कोणीतरी सांगितल्यासारखा दोन-दोन गेलाय."

मी म्हटलं, माणसाला सारखं अंतर आवडतं.

त्याला विचारलं, आता तरी सोमवारची सही टाळशील? म्हणाला, टाक्यात तीळ होता हे तर खरंच ना, दाजी. तुम्हीच समजावलंत. माझ्याकडे आता दुसरं भाषण नव्हतं. म्हणजे होतं, पण तोंड उघडायची भीती वाटली. मी बोललो की लोक ऐकतात.

रविवार, ६ एप्रिल

सकाळपासून फोन. उरलेल्या गाड्यांतली काळी माझी, म्हणजे बाहेर तेरा. घुंडी दोनवर आणा, मागच्या पेट्या आजच काढा, मी सांगेपर्यंत ऐंशीच्या वर जाऊ नका. तेराही जणांशी बोलणं झालं. एकजण हसला — "वक्ते, गेल्या महिन्यात हॉलभर आवळा-आवळा, आता सोडा-सोडा? निवडणुकीला उभे राहताय का?" मी हसलो नाही. त्याच्या लक्षात आलं. गाडीला हातही लावत नाही म्हणाला.

उद्या दहालाच निरीक्षकांकडे जाणार. मेव्हणा पोचायच्या आत. काय बोलायचं ते जुळवून ठेवलंय. टाका पडल्यावर फुटला, मास्तर लेखी द्यायला तयार आहेत. गाडी डुलली ती घुंडी अतिरेकी आवळल्यामुळे. घुंडी आवळली ती चालवणाऱ्याने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने. "साहेब, जो गेला त्याच्याविषयी वाईट बोलू नये, पण एका हौशी हाताची चूक एका कारागिराच्या माथी मारू नये!"

मी सभेत आवळा म्हणालो होतो, ते निघेल कदाचित. तो सर्वसाधारण सल्ला होता. आकडा मी कोणाला दिला नाही.

वाक्यं जुळली आहेत. मोठ्याने म्हणून बघितली. हिने आतून दार लोटून घेतलं.

नोव्हेंबरमधली टाक्याची तारीख तेवढी लागेल. याच वहीत असणार. सकाळी बघतो.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळ

निरीक्षकसाहेब, ही वही कोणी वाचावी म्हणून लिहिली नव्हती. आज ती तुमच्या टेबलावर ठेवतोय. जुळवलेली वाक्यं घरी ठेवून येतोय.

टाक्याची तारीख शोधत मागची पानं उलटत होतो. ११ मार्चच्या पानावर थांबलो. शेवटचा परिच्छेद आधी वाचा. दोन खटके आवळ, पुन्हा डुलली तर अजून दोन — अक्षर माझं आहे. चिकटपट्टीवरचे आकडे कॅमेऱ्याचे नाहीत, त्याच्या मनाचेही नाहीत. माझे आहेत. पाचाच्या पुढचा प्रत्येक.

अकरा वाजता माझा मेव्हणा येईल. तुम्ही विचारायच्या आत हो म्हणेल आणि सहीसाठी हात पुढे करील. त्याला पेन देऊ नका.